केरोबा उभा राहिला

सूर्यकांत पांचाळच्या घराण्यात दोन गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या होत्या. एक सुतारकाम आणि दुसरी म्हणजे देवळात पाऊल न टाकणं. पहिली त्याने फरीदाबादच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये लोखंडावर निभावली होती. दुसरी तो गेली नऊ वर्षं गुपचूप मोडत होता आणि त्याच्या आईला, म्हणजे कौशल्याबाईंना, याचा पत्ता नव्हता.

ही दुसरी गोष्ट सुरू झाली केरोबापासून. केरोबा सुतार हा सूर्यकांतच्या खापरपणज्याचा बाप. त्याने पिंपळदरीच्या देवळाला सागवानी दार करून दिलं. गावाने त्याला पागोटं बांधलं, नारळ दिला. महिनाभरात पुजाऱ्यांनी त्याच दाराला कुलूप घातलं आणि कोणी आत यायचं, कोणी बाहेरून हात जोडायचे, हे ठरवायला सुरुवात केली. केरोबा एका सकाळी हत्यारं घेऊन गेला, दार उचकटलं, खांद्यावर टाकलं आणि गावाबाहेरच्या ओढ्यावर नेऊन आडवं ठेवलं. ज्यांना देवळात बंदी होती त्यांना त्या पावसाळ्यात ओढ्यावर पूल मिळाला. गावाने केरोबाला वाळीत टाकलं. मग तो देवळासमोर जाऊन बसला तो बारा वर्षं बसला. आरतीला सारा गाव उभा राहायचा आणि हा एकटा मांडी घालून बसलेला. तेव्हापासून पांचाळांचा नेम असा, की जे दार बंद होतं त्या दारातून देवाकडे जायचं नाही आणि आरतीला उठायचं नाही. कौशल्याबाई सोळाव्या वर्षी या घरात सून होऊन आल्या. पण सून सासरच्या लेकींपेक्षा कडवी निघते म्हणतात, ते खरं. आता त्यांना चौऱ्याऐंशीवं चालू होतं आणि अडुसष्ट वर्षांत त्यांनी एकाही देवळाचा उंबरा ओलांडला नव्हता.

सूर्यकांतने ओलांडला, कारण दिल्लीत मराठी माणसाला मराठी माणूस भेटायचा तर देवळातच. नोएडात, सेक्टर बावन्नमध्ये, भोवती अर्धवट बिल्डिंगा आणि सिमेंटची पोती असताना महाराष्ट्र भक्त मंडळाने देऊळ बांधलं, त्यालाच लागून सभागृह बांधलं, दोन्हींना दार एकच. तिथे साबुदाण्याची खिचडी मिळायची, गणपतीत झांजा वाजायच्या. पहिल्या वर्षी तो बाहेर उभा राहिला, दुसऱ्या वर्षी आत गेला आणि तिसऱ्या वर्षापासून त्याचा आवाज वरच्या पट्टीतला म्हणून आरती तोच उचलू लागला. आईला पत्रात लिहायचा, ‘मंडळाच्या ऑफिसात जाऊन आलो.’ ते अगदीच खोटं नव्हतं. ऑफिस देवळातच होतं.

एका कोजागिरीला दूध पिता पिता त्याने केरोबाची गोष्ट सांगितली आणि तिथेच घोटाळा झाला. ऐकणाऱ्यांत कुमुदताई होत्या. एका शाळेत संगीत शिकवायच्या आणि घरी कोणी ऐकत नसे म्हणून लिहायच्या. त्यांनी चार महिन्यांत दोन तासांची संगीतिका लिहून काढली, ‘केरोबाचं दार’. आणि मंडळाला ती इतकी आवडली, की देवळाच्या वर्धापनदिनी, देवळाच्याच सभागृहात, देवळाचं दार काढून नेणाऱ्या माणसाचं चरित्र गाऊन दाखवायचं ठरलं. यात काही विसंगत आहे असं एकाही सभासदाला वाटलं नाही. सगळे म्हणाले, आपल्या माणसाचं आहे.

अध्यक्ष अण्णासाहेब केंद्र सरकारातून निवृत्त झालेले. त्यांनी संहितेची फाइल केली आणि लाल पेन्सिलीने वाचली.

“कुमुदताई, विद्रोह जरूर दाखवा,” ते म्हणाले, “पण शिस्तीत. दार काढण्याआधी केरोबाने एक अर्ज दिलेला दाखवता येईल का?”

“अण्णासाहेब, त्याला लिहिता येत नव्हतं.”

“मग तोंडी विनंती तरी.”

पाच मीटिंगांत असं बरंच झालं. केरोबाची बारा वर्षं सहा झाली, पुजारी ‘गैरसमजातून’ वागू लागले. सूर्यकांत केरोबा करणार होता, पण तो प्रत्येक बदलाला मान डोलवायचा. त्याची एकच मागणी होती. केरोबाचं म्हणून घरात चालत आलेलं एक गाणं शेवटी त्याला पूर्ण म्हणायचं होतं. तीन कडव्यांचं गाणं. ते आईने त्याला शिकवलं होतं, पाळण्यात असल्यापासून. आई उन्हाळ्यात दीड महिन्यासाठी आली होती, पुढच्या मंगळवारचं तिचं तिकीट होतं. उजवा कान पूर्ण गेलेला, डावा निम्मा चालू. पुढच्या वर्षी तो राहील याची खात्री नव्हती आणि खरं सांगायचं तर आईचीही नव्हती. माणसांसमोर, मोठ्याने, पेटीवर ते गाणं आईने एकदा ऐकावं, एवढंच त्याला हवं होतं. आई आत येणार नव्हती, ती बाहेर बसणार, दार उघडं ठेवायचं, असं त्याने अण्णासाहेबांकडून कबूल करून घेतलं होतं.

आणि मग चोप्राजी आले. चोप्राजींचं अठराव्या सेक्टरात मोठं शोरूम होतं. एसी, दारं आणि कुलपं, तिन्ही एकाच छपराखाली. त्यांना मराठी येत नव्हतं, पण गणपती फार आवडायचा. त्यांनी सभागृहाला दोन टनी एसी दिला आणि एसीची हवा जाऊ नये म्हणून त्याबरोबर एक नवं कोरं दार दिलं. वरची अर्धी काच, कडेने रबर, आपोआप बंद होणारं. उद्घाटन अर्थातच वर्धापनदिनी. बॅनर लागला, ‘केरोबाचं दार – सौजन्य : चोप्रा कूलिंग अँड सिक्युरिटी’. खाली छोट्या अक्षरांत, ‘एक बार बंद, तो बंद.’

सूर्यकांत अण्णासाहेबांकडे धावला.

“अहो, दार उघडं ठेवायचं ठरलं होतं.”

“पांचाळ, मे महिना आहे. बाहेर चव्वेचाळीस आहे. दार उघडं ठेवून एसी लावला तर तो माणूस आपल्याला काय म्हणेल?”

“मग बाहेर एक स्पीकर तरी लावू.”

“शेजारच्यांनी गेल्या गणपतीत पोलीस बोलावले होते, विसरलात?” अण्णासाहेबांनी फाइल उघडली. “आणि हो, तुमच्या गाण्याचं ते तिसरं कडवं काढलंय. देवाला उकडेल असं आहे त्यात. एसीचं उद्घाटन आणि देवाला उकडतंय, बरं दिसत नाही ते.”

सूर्यकांतने मान डोलावली. सवयच ती. घरी आल्यावर त्याला स्वतःचा इतका राग आला, की तो जेवला नाही. बायकोने, कल्पनाने, कारण विचारलं तर म्हणाला, पोट बिघडलंय.

रविवारी संध्याकाळी पाच वाजता तो कल्पनाला आणि आईला मारुती व्हॅनमधून घेऊन आला. देवळासमोर टेलिफोनवाल्यांनी केबलसाठी आडवा चर खणून ठेवला होता, चांगला दोन हात रुंद आणि कमरेइतका खोल. त्यावर टाकलेली फळी कोणीतरी पळवली होती. मंडळी धोतरं-साड्या सावरत उड्या मारून पलीकडे जात होती.

“मी काय बेडूक आहे?” कौशल्याबाई म्हणाल्या. “मी इथंच बसते.”

रस्त्याकडेला एक कडुनिंब होता. त्याखाली प्लॅस्टिकच्या खुर्चीवर त्या बसल्या, शेजारी कल्पना. समोर चर, चरापलीकडे तीन पायऱ्या, पायऱ्यांवर चोप्राजींचं दार आणि दाराच्या काचेतून थेट समोर दिसणारा रंगमंच. कान गेले होते, पण म्हातारीचे डोळे घारीचे होते.

“ऐकू येईल ना रे?”

“येईल आई. मी मोठ्यानं म्हणतो.”

“तिसरं कडवं घाई न करता म्हण. तुझे आजोबा त्यात थांबायचे.”

सूर्यकांत चर ओलांडून आत गेला. दार त्याच्यामागे आपोआप बंद झालं, फुस्स करून.

आता एकच आशा होती, ती म्हणजे वीज जाणं. नोएडात त्या वर्षी मे महिन्यात वीज दिवसातून सहा वेळा जायची. वीज गेली की एसी बंद, एसी बंद की दार उघडावंच लागणार. सूर्यकांत विंगेत उभा राहून गणपतीला हात जोडून म्हणाला, बाप्पा, आज लाइट घालव. केरोबाच्या वंशजाने देवाकडे केलेली ही बहुधा पहिली मागणी. पण देव असा, की रोज घालवतो ती त्या दिवशी घालवेना. सव्वासहाला गेली तेव्हा सूर्यकांतचं काळीज सुपाएवढं झालं. तेवढ्यात मागे धडधड झाली. मंडळाने जनरेटर आणला होता आणि तो चालवायला खास माणूस बसवला होता. दहा मिनिटांत वीज परत आली.

संगीतिका सुरू झाली. पुजाऱ्यांची कामं मुखर्जीनगरहून आलेल्या यूपीएससीच्या मुलांनी घेतली होती. महाप्रसादाच्या बोलीवर ती कुठेही यायची. मुख्य पुजारी प्रतीक नावाचा लातूरचा मुलगा. तिसरा अटेम्प्ट चालू असल्यामुळे त्याच्या चेहऱ्यावर धर्मपीठाला शोभणारी कळा आपोआप होती. थर्माकोलचं दार छान झालं होतं. सूर्यकांतने मात्र हत्यारांची पेटी स्वतःची, खरी आणली होती, कुमुदताईंना खरेपणा हवा म्हणून. दार करण्याचं गाणं झालं, टाळ्या पडल्या. पुजाऱ्यांनी कुलूप घातलं. तेही खरं होतं, चोप्राजींनी दिलेलं. चोप्राजी पहिल्या रांगेतून म्हणाले, “सेव्हन लिव्हर है.”

मग तो प्रवेश आला. अण्णासाहेबांच्या शिस्तीपायी संहितेत केरोबा आधी बसायचा आणि दार नंतर काढायचा. देवळात आरती चालू आहे, सारा गाव उभा आहे आणि केरोबा एकटा समोर बसला आहे. सूर्यकांत रंगमंचाच्या मधोमध मांडी घालून बसला. प्रतीकने तबक ओवाळायला घेतलं, घंटा वाजली, कुमुदताईंनी पेटीवर गणपतीच्या आरतीचे सूर धरले. ठरल्याप्रमाणे एकच कडवं व्हायचं होतं.

पण घंटा वाजली आणि पेटीवर आरती सुरू झाली, की मराठी माणसाचे पाय त्याला विचारत नाहीत. पहिल्या रांगेतले अण्णासाहेब उठले. मग दुसरी रांग उठली, तिसरी उठली आणि दोनशे माणसं टाळ्या वाजवत गाऊ लागली. एक कडवं कुठे संपलं ते कळलंच नाही. आरती पूर्ण झाली. कुमुदताईंनी पेटी थांबवली, तेवढ्यात मागून एका बाईंनी शंकराची उचलली. शंकर झाल्यावर देवीला कसं वगळणार? देवी झाली. मग विठ्ठलाची, खास लांबवून. चोप्राजी डोळे मिटून एक मात्रा उशिरा टाळी वाजवत होते. प्रतीकच्या हातातलं तबक खालचे लोक हात पुढे करून मागू लागले, आणि तोही खाली उतरून प्रत्येकापुढे आरती फिरवू लागला.

दत्ताच्या आरतीच्या मध्यावर सूर्यकांतच्या लक्षात आलं, की आपला आवाज सगळ्यांच्या वर लागला आहे. मग लक्षात आलं, की आपण टाळ्या वाजवतोय. आणि मग, फार उशिरा, लक्षात आलं, की आपण उभे आहोत.

बारा वर्षं न उठलेला केरोबा उभा होता. त्याने समोर पाहिलं. दोनशे डोक्यांवरून, दाराच्या काचेतून, चरापलीकडे कडुनिंबाखाली आई दिसत होती. ती खुर्चीत पुढे वाकून टक लावून बघत होती.

इतकी लाज त्याला आयुष्यात वाटली नव्हती. परत खाली बसावं, तर बसून आता काय उपयोग? उभा राहिलेला माणूस दिसून गेला होता. आता त्याने आईला गाणं ऐकवलं नाही, तर मंगळवारी ती एवढंच घेऊन गावी जाणार होती, की सूर्या आरतीला उठतो.

त्याने हत्यारांची पेटी उचलली आणि थर्माकोलच्या दाराला वळसा घालून तो रंगमंचाच्या पायऱ्या उतरला.

“हे कुठल्या पानावर आहे?” अण्णासाहेबांनी कुजबुजत विचारलं. कुमुदताईंनी बाडाची पानं उलटली, मग बाड मिटलं आणि पेटीवर दार काढण्याच्या गाण्याचे सूर धरले. बाई हुशार होत्या.

सूर्यकांत चोप्राजींच्या दाराशी पोचला. आधी त्याने वरचा क्लोजर, म्हणजे दार आपोआप ओढून घेणारा दांडा, सोडवला. मग बिजागऱ्या. टूलरूमच्या माणसाला पहिल्या नजरेत दिसलं, की एका बिजागरीला चार स्क्रू हवेत तिथे दोन-दोनच आहेत. तेवढ्या अवस्थेतही तो पुटपुटला, “काय हे काम!” लोक माना वळवून बघत होते, त्यांना प्रवेश फारच आवडला. कोणीतरी म्हणालं, “काय जिवंत केलंय हो!” चोप्राजी खुर्चीवर उभे राहून ओरडले, “वाह! लाइव्ह डेमो! मेरा दरवाज़ा है!”

मुख्य पुजारी म्हणून आपण केरोबाला अडवायला हवं, हे प्रतीकला आठवलं. तो तबकासकट धावत आला. “थांब, केरोबा! प्रायश्चित्त घे!”

“धर खालून,” सूर्यकांत म्हणाला, “जड आहे.”

प्रतीकने तबक एका आजींच्या हातात दिलं आणि खालून दार धरलं. शेवटचा स्क्रू निघाला आणि मेची गरम हवा आत घुसली, तेव्हा कुठे चोप्राजींच्या डोक्यात प्रकाश पडला. “अरे भाई, एसी! एसी चालू है!” पण तोवर दार पायऱ्या उतरून गेलं होतं. सूर्यकांत आणि प्रतीकने ते चरापाशी नेलं आणि आडवं टाकलं. माप अगदी बरोबर बसलं. सूर्यकांतने काचेची बाजू सांभाळून, खालच्या लाकडावर पाय देत चर ओलांडला आणि आईसमोर जाऊन उभा राहिला.

त्याच्या मागोमाग माणसं येऊ लागली. नाटक बाहेर गेलं म्हटल्यावर प्रेक्षकांनी काय करावं? एकेकाने आपापली खुर्ची उचलली आणि दारावरून ओळीने पलीकडे येऊन मंडळी कडुनिंबाखाली बसली. कुमुदताईंची पेटी दोघांनी उचलून आणली. अण्णासाहेब सगळ्यांत शेवटी, तोल सांभाळत आले.

“आजी,” ते कौशल्याबाईंना म्हणाले, “आता पूल झालाय, दारही नाही. चला, आत बसा.”

कौशल्याबाईंनी हाताचा पंजा डाव्या कानाला लावून ते ऐकलं. “हे दार परत बसवणार का?”

अण्णासाहेब सरकारी नोकरीत असले तरी खोटं बोलणारे नव्हते. “बसवावं तर लागेल. एसी आहे ना.”

“मग मी इथंच बरी.” त्या सूर्यकांतकडे वळल्या. “तू उठलास ते दिसलं मला.”

सूर्यकांतने हातांवरची धूळ झटकली.

“किती वर्षं उठतोस?”

“नऊ.”

दोनशे माणसं आईकडे बघत होती. कल्पनानेही नवऱ्याकडे पाहिलं नाही. आई रागावेल, रडेल, उठून गाडीत जाऊन बसेल, असं सगळं त्याच्या मनात येऊन गेलं. कौशल्याबाईंनी खांद्यावरचा पदर नीट केला.

“पाय दुखत असतील,” त्या म्हणाल्या. “बस आता. आणि म्हण.”

सूर्यकांत त्यांच्या पायांशी, मातीत, मांडी घालून बसला. पहिली दोन कडवी कशीबशी गेली. मग त्याने अण्णासाहेबांकडे न बघता तिसरं उचललं.

“साग मी तासिला, चौकट मी केली
कुलूप घालाया तू रे कोण
कोंडिला तू देव, उकडेल त्याला
वाऱ्यापाशी येईल तोच आपण.”

पंजा कानाला लावून म्हातारीने सगळं ऐकलं. ओठ त्याच्याबरोबर हलत होते. शेवटच्या ओळीला डोळ्यांतून पाणी आलं, ते तिने पुसलं नाही.

“घाई केलीस,” ती म्हणाली. “‘उकडेल’वर थांबायचं असतं.”

तेवढ्यात वीज गेली. सभागृहातली घरघर थांबली. सगळे जनरेटरची वाट बघू लागले, पण तो चालवणारा माणूस तिसऱ्या रांगेत खुर्चीवर बसला होता आणि उठायच्या विचारात दिसत नव्हता. उघड्या चौकटीतून आतला काळोख दिसत होता. आत कोणीच उरलं नव्हतं.

“अहो, कुणीतरी जा,” अण्णासाहेब अस्वस्थ होऊन म्हणाले. “देव आत एकटा आहे.”

“राहू द्या हो,” कौशल्याबाई म्हणाल्या. “उकडलं की येईल. तू म्हण सूर्या, पहिल्यापासून.”